गॉना सोलापूर

गेल्या महिन्यात भाची घरी आली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या लहान गावात वाढलेली, मराठी माध्यमात शिकलेली, बी.कॉम. झालेली मुलगी. सध्या पुण्यात आणखी तिघींसोबत खोली घेऊन राहते आणि मिळेल तिथे मुलाखती देते. मुलाखतीत इंग्रजी आडवं येतं म्हणून तिने एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नाव घातलंय. फी बारा हजार. तिच्या अब्बांनी ती दोन हप्त्यांत भरली.

चहा पिता पिता ती म्हणाली, "मामू, आय ॲम गॉना सोलापूर टुमारो."

मला वाटलं, मीच नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, पण या वेळी जरा घाबरून. मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली.

पहिल्याच आठवड्यात सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, उद्या कुठे जाणार, काय करणार, इंग्रजीत सांगा. ही उभी राहिली आणि म्हणाली, "आय ॲम गोइंग टू सोलापूर." बोलताना 'गोइंग'च्या शेवटचा 'ग' ठळक वाजला आणि 'टू' लांबला. सरांनी लगेच नक्कल केली, "गोइंग्ग टूऽऽ सोलापूर." वर्ग हसला. मग सर म्हणाले, इंग्रज माणूस असं बोलतच नाही, तो 'गॉना' म्हणतो. घरात तुम्ही जे काही बोलता ते आधी जिभेवरून काढा. हिने मान खाली घालून वाक्य पुन्हा म्हटलं, "आय ॲम गॉना सोलापूर." सर म्हणाले, "व्हेरी गुड!"

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सब हसे मेरेपे, मामू."

वाचकहो, त्या वर्गात नेमकं काय घडलं ते बघा. मुलगी बरोबर वाक्य बोलली तेव्हा तिला हसले. चुकीचं वाक्य बोलली तेव्हा तिला शाबासकी मिळाली. आणि हे शिकवायचे बारा हजार रुपये घेतले. हा लेख त्या एका 'व्हेरी गुड'बद्दल आहे.

'आय ॲम गॉना सोलापूर' हे वाक्य लंडनमध्ये कुणी म्हणत नाही. न्यूयॉर्कमध्ये म्हणत नाही, सिडनीत म्हणत नाही. इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा आहे त्यांचं चार वर्षांचं पोरही ही चूक करत नाही. कारण इंग्रजीत 'गोइंग टू' एक नाही, दोन आहेत.

पहिलं 'गोइंग टू' खरंखुरं जाण्याचं. सोलापूरला जाणं, बाजारला जाणं, दवाखान्यात जाणं. इथे पाय हलतात, एसटी हलते. दुसरं 'गोइंग टू' जाण्याचं नाहीच. ते 'करणार आहे'चं. 'इट इज गोइंग टू रेन' म्हणजे पाऊस कुठे निघालेला नाही, तो पडणार आहे. 'आय ॲम गोइंग टू स्टे हिअर' म्हणजे मी इथेच थांबणार आहे. शब्द जाण्याचा आणि अर्थ थांबण्याचा! आणि 'आय ॲम गोइंग टू गो' असंही इंग्रज सहज म्हणतो. पहिल्या 'गोइंग'मध्ये जाण्याचा अर्थ जिवंत असता तर हे वाक्य 'जायला जातोय' असं वेडगळ झालं असतं. तसं वाटत नाही, कारण त्यातलं जाणं केव्हाच संपलेलं आहे.

'गॉना' होतं ते फक्त या दुसऱ्याचं. 'इट्स गॉना रेन' चालतं. 'आय ॲम गॉना स्टे' चालतं. 'गॉना सोलापूर' चालत नाही. का चालत नाही, ते मराठी माणसाला एका ओळीत कळू शकतं. 'टू सोलापूर' म्हणजे 'सोलापूरला'. तो 'ला' सोलापूरचा आहे, गावाच्या नावाला चिकटलेला. तो तिथून उचलून 'जाणं'ला कसा चिकटवणार? दुसऱ्या 'गोइंग टू'मध्ये मात्र 'टू'ला असं वेगळं घर उरलेलं नाही. 'गोइंग' आणि 'टू' मिळून एकच काम करतात, म्हणून तोंडात ते एकच होतात.

'आय ॲम गोइंग टू स्लीप' हे वाक्य घ्या. त्याचे दोन अर्थ होतात. एक, मला झोप लागतेय, मी झोपेच्या हवाली होतोय. दुसरा, मी झोपणार आहे. आता तेच वाक्य 'गॉना' लावून म्हणा. पहिला अर्थ गळून पडतो, 'झोपणार आहे' एवढाच उरतो. म्हणजे 'गॉना' ही आळशी जिभेची सवय नाही. तो अर्थातला फरक सांगणारा शब्द आहे. ज्याला हा फरक माहीत नाही, त्याला 'गॉना'चा उच्चार कितीही झोकात येत असो, 'गॉना' येत नाही.

हा शब्द इथवर कसा आला त्याचीही कहाणी आहे आणि ती शिकवायला पाच मिनिटं पुरतात. पूर्वी इंग्रजीत 'गोइंग टू' म्हणजे सरळ जाणंच होतं. माणूस कुणाला तरी भेटायला निघाला, काही तरी आणायला निघाला. आता जो भेटायला निघालाय तो थोड्या वेळाने भेटणार, हे उघड आहे. जाणं आज, भेट पुढे. ऐकणाऱ्याच्या मनात हळूहळू जाण्यापेक्षा ते 'पुढे होणार' मोठं झालं. १४८२च्या सुमारास इंग्रजीत छापल्या गेलेल्या, एन्शॅमच्या मठातल्या एका साधूला झालेल्या साक्षात्काराच्या पुस्तकात एका अभागी जिवाला नरकाकडे नेत असल्याचं वर्णन आहे. तिथे हे शब्द येतात. तो जीव वाटेवरही आहे आणि त्याचं पुढे काय होणार तेही ठरलेलं आहे. भाषेचे अभ्यासक हे उदाहरण पुन्हा पुन्हा देतात, ते त्यातल्या या दुहेरीपणामुळे. पुढे १६४६ साली जोशुआ पूल यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात 'गोइंग टू' ही भविष्याची खूण म्हणून नोंदली गेली. म्हणजे तोवर पायातलं जाणं जाऊन नुसता काळ उरला होता.

आणि एकदा काम बदललं की शब्द झिजतोच. रोजच्या पायाखालचा उंबरठा झिजतो, तसा. 'गोइंग टू'चं 'गॉना' झालं. स्कॉटलंडकडच्या लिखाणात त्याची रूपं एकोणिसाव्या शतकातच दिसतात. नंतर अमेरिकेने ते छापलं, गाण्यांनी आणि सिनेमांनी जगभर नेलं.

तुम्ही म्हणाल, ही इंग्रजांची खासियत. मुळीच नाही. फ्रेंच माणूस 'मी खाणार आहे' म्हणायला 'मी जातो खाणे' अशा धर्तीचं वाक्य बनवतो. स्पॅनिशमध्येही तेच. आपल्यातली जी माणसं आखातात नोकरीला आहेत त्यांनी कान देऊन बघावं. इराक, सीरियाकडच्या बोलीत 'करणार' म्हणायला क्रियापदाआधी 'रह' लावतात. हा 'रह' आला 'राइह'वरून आणि 'राइह' म्हणजे जाणारा. इजिप्तमध्ये तो आणखी झिजून नुसता 'ह' राहिला. मोरोक्कोत 'गादी' म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ जाणाराच. इंग्रजीत जे 'गॉना'चं झालं तेच अरबीत 'रह'चं झालं. लंडनच्या आणि कैरोच्या माणसांनी ठरवून केलेलं नाही हे. माणसाची जीभ आणि माणसाचं मन असंच चालतं.

आणि मराठी? मराठी तर याहून गमतीची आहे. इंग्रज पुढे होणाऱ्या गोष्टीसाठी 'जाणं' वापरतो, आपण 'येणं' वापरतो. दूध संपत आलं. पोळ्या होत आल्या. आंबे पिकायला आले. दूध कुठून आलं नाही आणि पोळ्या कुठे चालत नाहीत. 'मुलगी लग्नाला आली' या वाक्याचे तर दोन अर्थ होतात आणि दोन्ही रोजच्या बोलण्यातले. एक, ती कुणाच्या तरी लग्नाला हजर झाली. दुसरा, तिचं लग्नाचं वय झालं. 'गोइंग टू स्लीप'सारखंच हे. मग मराठी मुलांना 'गोइंग टू' शिकवायला यापेक्षा सोपा रस्ता कोणता? पण तो कुणी घेत नाही. शाळेत 'गोइंग टू म्हणजे जात आहे' एवढं घोकून घेतात, म्हणून मुलं 'आय ॲम गोइंग टू ईट'चं भाषांतर 'मी खायला जात आहे' असं करतात. आणि क्लासमध्ये गेल्यावर अर्थाचा विषयच निघत नाही, थेट उच्चारावर हसू सुरू होतं.

आता उच्चाराचंच बोलू, कारण हसू त्याचंच झालं.

माझ्या भाचीच्या 'गोइंग'मधला तो ठळक 'ग' गावंढळ ठरला. इंग्लंडच्या प्रमाण मानलेल्या उच्चारात तो 'ग' वाजत नाही, हे खरं. तिथे 'सिंगर' आणि 'फिंगर' यांचं यमक जुळत नाही. 'फिंगर'मध्ये 'ग' ऐकू येतो, 'सिंगर'मध्ये नाही. पण बर्मिंगहॅमला जा, मँचेस्टरला जा, लिव्हरपूलला जा. तिथल्या कित्येकांच्या तोंडी दोन्ही शब्दांत 'ग' खणखणीत वाजतो. ती माणसं इंग्रजच आहेत, पिढ्यान् पिढ्या इंग्रज. एवढंच नव्हे, काही शतकांपूर्वी हा 'ग' लंडनकरांच्याही तोंडी होता. तो नंतर गळाला. म्हणजे आमच्या मुलीच्या जिभेवर जो 'ग' आहे तो इंग्रजीत जन्माला आलेलाच आहे. तो सोलापूरहून कुणी नेऊन टाकलेला नाही.

'इंग'चं 'इन' करणं म्हणजे 'गोइन', 'कमिन' म्हणणं. हे आज गरिबाचं, कामगाराचं बोलणं मानतात. पण इंग्लंडातले जुने उमराव, शिकारीचे कुत्रे आणि घोडे बाळगणारे, तेही 'हंटिन', 'शूटिन', 'फिशिन' असंच म्हणत. त्यांना कुणी हसलं नाही. एकच 'ग' गाळणं. गडीमाणसाने गाळला तर अडाणीपणा, जमीनदाराने गाळला तर रुबाब.

अमेरिकेत याच वाक्याचं आणखी एक रूप आहे. तिथल्या काळ्या लोकांच्या बोलीत 'आय ॲम गॉना' आणखी झिजून 'आयमा' होतं. दक्षिणेकडे 'आता करणारच आहे' या अर्थी 'फिक्सिंग टू' म्हणतात, त्याचं त्यांच्या तोंडी 'फिना' झालं. नियम तोच, झीज तीच. पण 'गॉना' राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात चालतं आणि 'फिना' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत सांगतात की तुला इंग्रजी येत नाही. मग तीच 'फिना' रॅप गाण्यातून गोऱ्या पोरांच्या तोंडी गेली की तिची फॅशन होते.

आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जॉन बॉ हे अमेरिकेतले काळे भाषाशास्त्रज्ञ. त्यांना लहानपणापासून तीन तऱ्हांनी बोलता येत होतं, काळ्यांसारखं, मेक्सिकन वस्तीतल्या लोकांसारखं आणि गोऱ्यांसारखं. त्यांनी सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात भाड्याच्या घरांसाठी एकाच घरमालकाला तिन्ही आवाजांत वेगवेगळे फोन केले. १९९९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष छापले. गोऱ्या वस्त्यांत गोऱ्या उच्चाराला घर बघायला बोलावणं येई, बाकीच्या दोघांना ते बरंच कमी येई. माणूस एकच. चेहरा कुणी पाहिलेला नाही.

पुण्यात घर शोधताना मला फोनवर उलटा अनुभव आलाय. माझं मराठी ऐकून समोरचा गोड बोलायचा, पार्किंग आणि पाण्याची वेळसुद्धा सांगायचा. मग नाव विचारायचा. नाव सांगितलं की घर कालच गेलेलं असायचं. अमेरिकेत उच्चारावरून माणूस ओळखतात, माझा उच्चार फसवा निघाला म्हणून त्यांना नावापर्यंत थांबावं लागलं. एवढाच फरक.

"तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलंय. म्हणणारा मनाने चांगला असतो, मला ठाऊक आहे. पण ज्या जिल्ह्यात माझ्या पणज्याची कबर आहे तिथली भाषा मी बोलतो, यात छान वाटण्यासारखं काय आहे? या कौतुकाच्या मागे आणि क्लासमधल्या त्या नकलेच्या मागे एकच समज आहे. भाषा काही लोकांच्या मालकीची, बाकीच्यांनी ती त्यांना आवडेल अशी बोलून दाखवायची.

आता स्वतःच्या घरात येतो, कारण दुसऱ्याला नावं ठेवून मोकळं होणं सोपं असतं.

माझी अम्मी दखनी बोलायची. बाजारला निघाली की दारातून आवाज द्यायची, "मैं बजार कू जारी." उद्या गावाला जायचं असलं तरी तेच, "कल गांव कू जारी मैं." किताबी उर्दूतलं 'जा रही हूँ' तिच्या तोंडी 'जारी' झालेलं होतं. तीन शब्दांचा एक शब्द आणि तोही आजच्या जाण्याला आणि उद्याच्या बेताला, दोन्हीला पुरणारा. जे इंग्रजाला 'गॉना' करायला काही शतकं लागली तसलंच काम माझ्या अम्मीची बोली करून बसली होती. पण आमच्याकडे उर्दूवाले पाहुणे आले की तिच्या बोलण्यावर हसायचे. तिचे शीन-काफ दुरुस्त नाहीत म्हणायचे. हिंदी सिनेमात दखनी बोलणारा माणूस बहुतेकदा हसवायलाच येतो. याच दखनीत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नवरस' रचलं आणि विजापूर आमच्या सोलापूरला लागून आहे, हे त्या पाहुण्यांना आठवत नसे.

आणि मी? मी कॉलेजात असताना मित्र घरी यायचे तेव्हा अम्मीला सांगायचो, तू जास्त बोलू नकोस. ती चहा ठेवून आत जायची. तिने कधी विचारलं नाही का. भाचीची हकीकत ऐकताना मला त्या सरांचा राग आला त्याच्या आधी हे आठवलं.

प्रमाण मराठीवाल्यांनीही खूश होऊ नये. 'चाललो आहे'चं 'चाललोय' झालं, 'करणार आहे'चं 'करणारे' झालं, ते सगळं पुण्या-मुंबईच्या तोंडी चालतं, नाटकात चालतं, वर्तमानपत्राच्या सदरात चालतं. पण विदर्भातला माणूस 'जाऊन राह्यलो' म्हणाला की सभागृहात खसखस पिकते. झीज इथेही तीच आहे. कुणाची झीज सफाईदार आणि कुणाची अशुद्ध, हे कानाने ठरत नाही. बोलणारा कुठून आलाय त्यावरून ठरतं.

बर्नार्ड शॉने हे शंभर वर्षांपूर्वी 'पिग्मॅलियन'मध्ये दाखवून दिलं. पु. ल. देशपांडे यांनी १९७५मध्ये त्याची 'ती फुलराणी' केली आणि मराठी माणसाने ती डोक्यावर घेतली. फूल विकणाऱ्या मंजुळेची जी चेष्टा होते तिच्यावर आपण टाळ्या वाजवल्या, शेवटी ती उलटून बोलते त्यावरही टाळ्या वाजवल्या. मग घरी येऊन भाजीवालीच्या बोलण्याची नक्कल केली. नाटकातून आपण नेमकं काय घेतलं?

आता एक रास्त आक्षेप. क्लासवाला म्हणेल, अहो, मुलाखत घेणारा भाषाशास्त्र बघत नाही. त्याला उच्चार खटकला तर नोकरी जाते. मी पोरीच्या पोटापाण्याचंच बघतोय.

ही गोष्ट मी उडवून लावणार नाही. बारा हजार भरणाऱ्या बापाला नोकरीच हवी आहे, भाषणं नकोत. म्हणूनच विचारतो, त्या क्लासने तिला नोकरीच्या जवळ नेलं की लांब? उद्या ती मुलाखतीत 'आय ॲम गॉना पुणे' म्हणाली तर इंग्रजी जाणणारा माणूस काय समजेल? 'गोइंग्ग टू पुणे' म्हणणारी मुलगी त्याला फार तर गावाकडची वाटेल. 'गॉना पुणे' म्हणणारी मुलगी त्याला न समजता पोपटपंची करणारी वाटेल. तिच्याकडे होतं ते बरोबर वाक्य त्यांनी काढून घेतलं आणि हातात चुकीचं दिलं. वर जी थोडी हिंमत होती तीही काढून घेतली. परक्या भाषेत उभं राहून बोलायला हिंमतच लागते, व्याकरण मागाहून येतं.

उच्चार शिकवूच नये असं मी म्हणत नाही. शिकवा. इंग्रजीत 'टू' नेहमी लांब नसतो, वाक्याच्या मध्ये तो आखूड होऊन 'ट'सारखा वाजतो, हे सांगा. 'गोइंग'मधला 'ग' काही इंग्रज म्हणतात, बरेच म्हणत नाहीत, तुम्ही सौम्य केलात तर अनेकांच्या कानाला सोपं जाईल, हेही सांगा. 'गॉना' तर आधी ऐकायला शिकवा. फोनवर परदेशी गिऱ्हाईक 'गॉना' म्हणेल, मुलीला ते कळलं पाहिजे. तिने स्वतः ते म्हटलंच पाहिजे असं नाही. सावकाश 'गोइंग टू' म्हणणाऱ्याला जगात कुठेही कळतं आणि लेखी इंग्रजीत तर अजूनही तेच शोभतं. आधी अर्थ, मग कान, मग जीभ. आपल्या क्लासांत हा क्रम उलटा आहे. आधी जीभ, तीही हसून, आणि अर्थाची पाळी येतच नाही.

आणि 'घरात बोलता ते जिभेवरून काढा' हे वाक्य तर कुठल्याही शिक्षकाने उच्चारू नये. घरातली भाषा आडवी येत नाही. उलट तिचाच हात धरून परकी भाषा शिकता येते. त्या संध्याकाळी मी भाचीला 'गॉना' समजावलं ते व्याकरणाच्या पुस्तकातून नाही. मी तिला विचारलं, "नानी क्या बोलती थी, बजार कू जाते वख्त?" ती हसून म्हणाली, "जारी." मग मी विचारलं, दूध संपत आलं म्हणजे दूध कुठून आलं? तिथून पुढे दहा मिनिटांत तिला दोन्ही 'गोइंग टू' वेगळे दिसायला लागले. सोलापूरला जायचं ते एक, काही करायचं ते दुसरं. 'गॉना' कुठे लागतं ते तिने स्वतःच मला सांगितलं.

मी तिला म्हटलं, क्लास सोडून दे, मी शिकवतो. ती म्हणाली, फी भरलीय मामू, अब्बा काय म्हणतील. आणि मग जरा थांबून इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम गोइंग टू स्टे." 'ग' ठळक होता. 'टू' लांब होता. वाक्य पूर्ण बरोबर होतं.

परवा तिचा फोन आला. सरांनी पुन्हा तिला उभं केलं होतं. तिने 'आय ॲम गोइंग टू सोलापूर' म्हटलं. सर म्हणाले, 'गॉना'. ती म्हणाली, "सर, इथे गॉना होत नाही." का नाही, ते तिने मराठीत समजावलं, सोलापूरच्या 'ला'सकट. सर काय म्हणाले ते मी विचारलं. ती म्हणाली, सर काही बोलले नाहीत, पुढच्या मुलाला उभं केलं. पण या वेळी कुणी हसलं नाही.